मपलं, तुपलं आणि माझं एम.ए.

(भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मी पोखर्णीहून बोलतेय. परभणी-परळी रेल्वेलाईनवरचं पोखर्णी, नृसिंहाचं. स्टेशनच्या पाटीवरसुद्धा 'पोखर्णी नृसिंह' असंच नाव आहे, म्हणजे गावाआधी देव की देवाआधी गाव, असा प्रश्न रेल्वेनं ठेवलाच नाही. आमचं घर रुळापासून फार लांब नाही. मधेच गाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

मला विषय दिलाय 'नोकरी करता करता शिक्षणशास्त्रात एम.ए.'. आणि तुमच्यापैकी काही जणांनी आधीच प्रश्न पाठवलेत. त्यातला निम्म्यांचा प्रश्न एकच आहे: मॅडम, फायदा काय? तर तो प्रश्न पहिल्यांदाच निकालात काढते. पगारात फायदा काही नाही. मला तरी झाला नाही. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते, एम.ए.च्या आधीही तेच करत होते आणि नंतरही तेच करतेय. आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हा प्रश्न तुमच्या कितीतरी आधी विचारला होता. मी पहाटे चारला उठून बल्बखाली बसायचे. एक दिवस त्या उठून आल्या, माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पगार वाढायलाय का ह्यानं?" मी म्हटलं, नाही. "मंग?" एवढंच. त्या 'मंग'ला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं.

आता ज्यांना खरोखर प्रवेश घ्यायचाय त्यांच्यासाठी थोडी माहिती, पटकन. लोक एम.एड. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र यांत गोंधळ करतात. एम.एड. ही व्यावसायिक पदवी. ती बी.एड.नंतरची, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत बसणारी, आणि २०१५ पासून दोन वर्षांची झालेली. शिक्षकांना शिकवणारे शिक्षक तिथून तयार होतात. एम.ए. शिक्षणशास्त्र हे अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांच्या रांगेतलं. तिथं 'कसं शिकवावं' यापेक्षा 'शिकवणं म्हणजे काय चाललंय' हा प्रश्न असतो. कुठलाही पदवीधर करू शकतो. मी डी.एड. करून नोकरीला लागले, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढली, मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आपल्याकडच्या निम्म्या गुरुजींची पदवी तिथलीच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एम.ए.ला मी इग्नूचा मार्ग धरला. पुस्तकं हिंदीत नाहीतर इंग्रजीत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला चार वर्षं लागला. मधे एक बाळंतपण, एक निवडणूक, एक जनगणनेसारखंच दिसणारं कुठलंतरी सर्वेक्षण आणि आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. झालं, माहिती संपली. प्रवेशाच्या तारखा आणि फी संकेतस्थळावर बघा, त्या दरवर्षी बदलतात.

मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर. मला बोलायचंय एका पोरावर, आणि माझ्या एका चुकीवर.

मी दुसरीचा वर्ग घेत होते. आमच्याकडं वर्षभर मुलांच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, आकारिक, संकलित, हे सगळं शिक्षकांना तोंडपाठ आहे. बाकीच्यांसाठी सांगते: प्रत्येक मुलाच्या नावापुढं वाक्यात लिहायचं की ते काय करू शकतं आणि कुठं अडतं. कल्पना फार चांगली आहे. पण चाळीस लेकरं, इतके विषय, दोन सत्रं. मग काय होतं? नोंदींच्या तयार याद्या मिळतात. मोबाईलवर फिरतात. 'स्वतःचे अनुभव सांगताना अडखळतो.' 'प्रश्नांची उत्तरे एका शब्दात देतो.' यादीतलं एक वाक्य उचलायचं, नावापुढं ठेवायचं. मीही ठेवत होते, खोटं कशाला बोलू.

तर हा पोरगा. नाव सांगत नाही, आता तो मोठा झालाय. वर्गात बोलायचा नाही. वाचता थोडंफार यायचं, हिशेबात तर वर्गातल्या अर्ध्या पोरांना मागं टाकायचा. पण चित्र दाखवून 'काय दिसतंय सांग' म्हटलं की भिंतीला चिकटायचा. त्याच्या नावापुढं मी लिहिलं: 'स्वतःचे अनुभव सांगताना अडखळतो.' पहिल्या सत्रातही तेच, दुसऱ्या सत्रातही तेच.

आणि त्याच वर्षी माझा एम.ए.चा प्रकल्प करायचा होता. विषय सुचत नव्हता. आमच्या मार्गदर्शक सरांनी मला एका निबंधाची झेरॉक्स दिली. इंग्रजीतला निबंध. मला तो वाचायला, खरं सांगते, अकरा दिवस लागले. एका हातात शब्दकोश, एका हातात पेन्सिल. लिहिणारा विल्यम लबॉव्ह नावाचा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ, साल १९६९. न्यूयॉर्कमध्ये हार्लेम नावाची वस्ती आहे, कृष्णवर्णीय लोकांची. त्या काळात तिथल्या मोठमोठ्या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं होतं की या वस्तीतल्या मुलांना भाषाच नसते. घरात कोणी बोलत नाही, म्हणून ती शाळेत मागं पडतात. लबॉव्हनं विचारलं, की तुम्ही हे ठरवलं कसं? तर पद्धत अशी होती: मुलाला एका खोलीत बसवायचं, समोर मोठा अनोळखी गोरा माणूस, टेबलावर एक वस्तू, आणि म्हणायचं, हिच्याबद्दल सांगता येईल तेवढं सांग. पोरगं एकेक शब्द बोलायचं. मधे लांबलचक शांतता. तिकडं नोंद: भाषा कमकुवत.

मग लबॉव्हच्या माणसांनी काय केलं, लिऑन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाशी बोलायला त्याच वस्तीत वाढलेला माणूस पाठवला. तरी पोरगा गप्पच. मग तो माणूस पुढच्या वेळी बटाट्याच्या चिप्सचं पाकीट घेऊन आला, लिऑनच्या जिवलग मित्राला सोबत आणलं, आणि स्वतः खाली फरशीवर बसला. झालं. दोघं पोरं एकमेकांचं बोलणं तोडत, भांडत, हसत बोलायला लागली. पोरगं तेच, भाषा तीच. फक्त माणूस खुर्चीवरून खाली उतरला होता.

मला हे वाचताना काहीतरी टोचलं, पण नेमकं कुठं ते कळेना. मला वाटलं, आपल्याकडं कुठं गोरे-काळे? आपली लेकरंही मराठी, मीही मराठी, मी तर ह्याच जिल्ह्यातली. आपल्याला हे लागू नाही. तरी प्रकल्प करायचाच होता म्हणून ठरवलं, हेच आपल्या शाळेत करून बघू. काही मुलांशी आधी वर्गात बोलायचं, चित्र दाखवून. मग बाहेर बोलायचं, जोडीदारासोबत, काही खात खात. दोन्ही मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन शब्दन् शब्द लिहून काढायचा. पालकांना विचारलं, मुख्याध्यापकांना विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, करा, पण पोषण आहाराच्या वेळेत नको.

वर्गातलं रेकॉर्डिंग लिहून काढायला बसले तेव्हा पहिली गोष्ट जी दिसली ती अशी, की त्यात माझाच आवाज जास्त आहे. वर्षानुवर्षं मी समजत होते की मी मुलांना बोलायला लावते. पानंच्या पानं मीच बोलतेय. आणि मग त्या पोराची पाळी आली. चित्र पावसाचं होतं. शेत, बैलं, छत्रीतली मुलगी. रेकॉर्डिंगमध्ये काय आहे ते सांगते.

तो म्हणतो, "पाऊस यायलाय."

मी म्हणते, "यायलाय नाही बाळा, येत आहे."

तो म्हणतो, "येत आहे."

मी म्हणते, "शाब्बास, अजून काय दिसतंय?"

"मपल्या..."

"माझ्या."

आणि मग काही नाही. मी म्हणतेय, बोल ना, बोल, घाबरू नको. मागं वर्गाचा गलका. तो नाहीच.

मी ते मागं नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. पोरगं अडखळत नव्हतं हो. पोरगं बोलायलाच निघालं होतं. दोन वाक्यांच्या तोंडाशी दोनदा मीच आडवी पडले होते. 'शाब्बास' म्हणून आडवी पडले होते, हे जास्त वाईट.

जे पुण्या-मुंबईकडून ऐकतायत त्यांच्यासाठी: आमच्याकडं 'मपलं' म्हणजे माझं, 'तुपलं' म्हणजे तुझं. मला ह्या शब्दांत 'आपलं' ऐकू येतं. माझं आहे, पण आपल्यातलंच आहे, असं काहीतरी. हे माझं मत, भाषाशास्त्रज्ञांनी रागावू नये. आणि 'यायलाय' म्हणजे येत आहे. जायलाय, करायलाय, खायलाय. 'गेलता' म्हणजे गेला होता, 'आलती' म्हणजे आली होती. ह्याला लोक अशुद्ध म्हणतात. आता गंमत बघा, अशुद्ध म्हणजे नियम नसलेलं ना? मी त्या रेकॉर्डिंगमधली क्रियापदं वहीत लिहून काढली. करायलो, करायलास, करायलाय, करायलेत. आलतो, आलतास, आलता, आलती, आलते. दुसरीतल्या एका पोराचंही एकदाही चुकत नाही. लिंग चुकत नाही, वचन चुकत नाही. त्यांना हे व्याकरण कुणी शिकवलेलं नाही, आणि आम्ही शिकवतो त्या व्याकरणात मात्र तीच पोरं रोज चुकतात. आम्ही मग म्हणतो, व्याकरण कच्चं आहे.

आता बाहेरचं. मी चिप्सऐवजी भाजलेल्या शेंगा नेल्या. शाळेमागं लिंबाचं झाड आहे. लिंब म्हणजे कडुलिंब. आमच्याकडं लिंबू वेगळा आणि लिंब वेगळा. तिथं खाली बसले. साडी मळायची म्हणून मी कधी बसत नव्हते, ते पण खरं. तो आणि त्याचा जोडीदार. मी काही विचारलंच नाही. शेंगा सोलत बसले. जोडीदार म्हणाला, "ह्यांचा बैल मेलता." आणि हा त्याच्यावर उखडला, "तुला काय माहीत, तू व्हतास का?" आणि सुरू झाला. हे मी लिहून ठेवलेलं वाचून दाखवते:

"बैलं लिंबाखाली बांधलते. मपला आजा म्हनला, आभाळ लई भरून आलंय, बैलं सोडून आना. मपला बाप म्हनला, यवढी सरी होऊ द्या. तेवढ्यात इज पडली. एक बैल जाग्यावरच गेला. दुसरा उभाच व्हता, पर त्याच्या अंगाला हात लावला की थरथरायलता. मपला बाप तवापासून आज्याला काही बोलत न्हाई. मंग तलाठी आलता. फोटू काढले. पैसे आजूक यायलेतच."

हे सात वर्षांचं पोरगं. कोण काय म्हणालं, त्याआधी काय झालं, त्यानंतर काय झालं, चूक कुणाची हे न सांगता चूक कुणाची हे कळतंय. 'तवापासून आज्याला काही बोलत न्हाई'. एवढ्या एका वाक्यात त्यानं घरातलं सगळं सांगितलं. आणि शेवटचं. 'पैसे आजूक यायलेतच.' ह्या 'च'वर त्याचा जोडीदार हसला, मीही हसले. तो नाही हसला. त्यानं घरी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं असणार, पण कुठं टाकायचं ते त्याला बरोबर कळलं होतं.

प्रकल्प इंग्रजीत लिहायचा होता. ह्या वाक्याचं इंग्रजी करायला मी दोन रात्री बसले. प्रमाण मराठीत केलं: 'पैसे अजून येतच आहेत.' अर्थ बरोबर आहे. पण ते तलाठ्याच्या बाजूनं बोलल्यासारखं वाटतं. इंग्रजीत तर पैसे नुसतेच येत होते, अगदी वेळेवर. शेवटी मी मूळ वाक्य देवनागरीत तसंच ठेवलं आणि खाली चार ओळींची टीप दिली. मार्गदर्शक सर म्हणाले, तुमच्या अख्ख्या प्रकल्पात ही टीप चांगली आहे.

त्या रात्री मी नोंदवही काढली. 'स्वतःचे अनुभव सांगताना अडखळतो.' दोन सत्रं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं.

आता ह्यात मला काय कळलं ते सांगते, कारण एम.ए. नसतं केलं तर हे माझ्या लक्षात आलं नसतं. नंदुरबारमध्ये भिली बोलणारी मुलं आहेत, गडचिरोलीत गोंडी, माडिया बोलणारी आहेत. तिथं निदान सगळ्यांना मान्य आहे की घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी. काही करतात, काही करत नाहीत, पण अडचण आहे हे कागदावर तरी आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो, शक्यतो मातृभाषेतून शिकवा. २०२० चं धोरण म्हणतं, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा. छान. पण आमच्या पोरांच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय आहे? मराठी. शाळेचं माध्यम? मराठी. जुळलं. प्रश्नच संपला. आमच्या लेकरांची अडचण अशी आहे की तिला नावच नाही. दोन्हीकडं एकच नाव लिहिलंय, त्यामुळं मधलं अंतर कुणाला दिसत नाही. मग ते अंतर पोराच्या खात्यावर पडतं: अडखळतो, लाजतो, अप्रगत.

आमच्या आजेसासऱ्यांची एक गोष्ट घरात सांगतात. निजामाच्या राज्यात परभणी होतं, वरच्या वर्गाचं शिक्षण उर्दूतून. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. आजेसासरे थोडं शिकले ते उर्दूतच. सप्टेंबर १९४८ नंतर म्हणे गावात बोलणं होतं, आता आपली भाषा शाळेत येणार. आली. १९६० ला महाराष्ट्र झाला, पुढं १९६७ पासून बालभारती आली, पुस्तकं चांगली आली. मी बालभारतीच्या पुस्तकांवरच वाढले, मला त्यांच्याबद्दल माया आहे. पण आजेसासऱ्यांच्या तोंडची भाषा जी होती, मपलं-तुपलं, ती उर्दूच्या काळातही शाळेबाहेर उभी होती आणि मराठीच्या काळातही बाहेरच राहिली. आणि ह्याच रेल्वेलाईनवर पुढं गंगाखेड आहे, संत जनाबाईंचं गाव. नामदेवांचं नरसी इकडंच, हिंगोलीजवळ. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या ह्या भागातल्या बाईची भाषा आम्ही पाठ्यपुस्तकात संतवाणी म्हणून शिकवतो आणि तिथं जुनं रूप आलं की खाली शब्दार्थ देतो, आदरानं. आज त्याच भागातलं पोरगं वेगळं रूप बोललं की लाल पेन. मी हे आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलले तेव्हा थोडी शांतता झाली, मग चहा आला.

पण थांबा. मी हे सांगते तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं, म्हणजे मॅडमचं म्हणणं, पोरांना हवं तसं बोलू द्या, प्रमाणभाषा शिकवूच नका. आमच्या शाळेतले एक सर, माझ्यापेक्षा ज्येष्ठ, चांगले शिक्षक, ते मला म्हणाले, "ताई, तुमचं एम.ए. झालं. पोरानं शिष्यवृत्तीच्या पेपरात 'यायलाय' लिहिलं तर त्याचे मार्क तुम्ही देणार का?" आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण ते बरोबर होते. मी स्वतः आज तुमच्याशी ज्या भाषेत बोलतेय ती मला कुणीतरी शिकवली म्हणून मी इथं बोलतेय. मी चौथीत असताना आमच्या बाईंनी वर्गासमोर मला 'मपलं' वरून उभं केलं होतं. सगळे हसले. मी आठ दिवसांत 'माझं' म्हणायला शिकले. शिष्यवृत्ती मिळाली, डी.एड.ला नंबर लागला. सगळं त्याच रस्त्यानं आलं. मग चूक काय?

ह्यावर मला अमेरिकेतल्याच एका शिक्षिकेच्या लिखाणाचा उपयोग झाला. लिसा डेल्पिट. १९९५ मध्ये तिचं पुस्तक आलं, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्यावरचं. ती स्वतः कृष्णवर्णीय, आणि ती भल्या मनाच्या शिक्षकांवर चिडलेली आहे. ती म्हणते, ज्या भाषेच्या हातात सत्ता आहे ती भाषा गरिबांच्या मुलांना उघडपणे, नियम सांगून शिकवलीच पाहिजे. घरच्या भाषेचा मान राखून, पण शिकवलीच पाहिजे. श्रीमंतांची मुलं ती घरून घेऊन येतात, बाकीच्यांना ती शाळेतच मिळणार. 'मुक्तपणे व्यक्त व्हा' म्हणून सोडून देणं हीसुद्धा फसवणूकच. मला लबॉव्ह वाचून रडू आलं होतं, डेल्पिट वाचून कामाला लागले.

मग मी फळ्याचे दोन भाग केले. एकीकडं 'घरचं', दुसरीकडं 'पुस्तकातलं'. यायलाय, येत आहे. मपलं, माझं. इज, वीज. आजूक, अजून. कुणालाच खोडायचं नाही. आधी पोरं घरच्या बोलीत गोष्ट सांगणार, मी ती तशीच लिहिणार, मग आपण सगळे मिळून ती पुस्तकाच्या गावाला पाठवणार. असं मी म्हणायचे, 'पुस्तकाच्या गावाला'. तर एक पोरगी विचारते, "मॅडम, पुस्तकवाल्यांचं गाव कोन्तं हाय?" मी म्हटलं, पुणं असेल. "मंग ते इकडं आले तर त्यांना 'यायलाय' म्हनावं लागंल का?" मी तिला काय सांगणार? हसून वेळ मारून नेली. तुम्ही सांगा.

ह्यानं चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. काही मुलं भराभर दोन्हीकडं जायला लागली. काहींचं लिहिताना सरमिसळ होतं, अजून होतं. एका पालकानं येऊन तक्रार केली, की आम्ही लेकरू शिकायला पाठवतो, तुम्ही आमचंच आम्हाला परत शिकवायलात. त्यांचंही चूक नाही. ज्याला आयुष्यभर त्याच बोलीवरून कचेरीत, दवाखान्यात, बँकेत खालच्या आवाजात बोलावं लागलंय, त्याला ती फळ्यावर बघून आनंद कसा होईल?

आणि घरचं सांगायचं राहिलं. माझी मुलगी परभणीला सेमी-इंग्रजीत आहे. हो, माझीच. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेची. ह्यावर मला बोला, मी ऐकून घेईन. मागं एकदा आत्या तिला म्हणाल्या, "मपला चष्मा कुठंय गं?" आणि ती फिस्सकन हसली. "आजी, मपला काय मपला!" मी स्वयंपाकघरात होते. माझ्या पोटात गोळा आला, कारण ते हसू मी ओळखत होते. चौथीच्या वर्गातलं होतं ते. आणि ते तिला शिकवलं कुणी? शाळेनं? का मी? मी घरात तिच्याशी प्रमाण मराठीत बोलते. आत्यांशी बोलताना माझा सूर बदलतो, आणि मुलगी आली की परत फिरतो. तिनं ते पाहिलंच असणार.

त्या दिवशी संध्याकाळी मी मोबाईल काढला आणि त्या पोराचं लिंबाखालचं रेकॉर्डिंग दोघींना ऐकवलं. मुलीला, आत्यांना. मुलगी आधी हसली, मग बैलापाशी गप्प झाली. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "कोनाचं लेकरू हाय गं? किती बैजवार सांगितलं." बैजवार म्हणजे नीट, क्रमानं, काही न सोडता. मूल्यमापनाच्या कुठल्याच यादीत हा शब्द नाही. मी बघितलाय शोधून.

मी मग आत्यांना सांगितलं, की ह्याच्यासाठी पहाटे उठत होते. त्या म्हणाल्या, "हे ऐकायला यवढी पुस्तकं लागली व्हय?"

त्या पोराची नोंद मी बदलू शकले नाही. वर्ष संपलं होतं, निकाल लागला होता, रजिस्टर जमा झालं होतं. तो आता दुसऱ्या गावच्या शाळेत जातो, पोखर्णीहूनच गाडी धरतो. कधी प्लॅटफॉर्मवर दिसतो. मला बघितलं की 'नमस्ते मॅडम' म्हणतो, अगदी पुस्तकातल्यासारखं, आणि पुढं जातो. एकदा मी त्याला हाक मारून विचारलं, "काय रे, बैलाचे पैसे आले का?" त्यानं माझ्याकडं बघितलं. थोडा वेळ लागला त्याला, की हे कोण विचारतंय, मॅडम की लिंबाखालची. मग म्हणाला, "यायलेतच."

हं, गाडी आली. आता तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. थांबते.